टिक्क्याचा मालक

कुंबुकवेव
२० फेब्रुवारी १९१२

मल्ली,

तू कुरुणेगलच्या कचेरीत चिकटलास त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत तुझ्या अक्काने धाकट्या भावाच्या कचेरीकडे काही मागितलं नाही. आज मागते आहे, तेव्हा पत्र चालता चालता वाचू नकोस, बसून वाच.

काल आपला आरच्ची मुदियान्से ढोलवाल्याला पुढे घालून गावभर फिरला. गावचा मुखिया झाल्यापासून त्याला साध्या आवाजात बोलताच येत नाही. सरकारचा हुकूम आहे म्हणे, की प्रत्येक कुत्र्याची कचेरीत नोंद करायची, गळ्यात नंबराचा बिल्ला बांधायचा. एक एप्रिलला बंदूकवाला येणार आणि ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्या कुत्र्याला गोळी घालणार.

कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. शेजारच्या हालमिल्लावात पिसाळलेलं कुत्रं तिघांना चावलं. त्यातली एक किरी कुंभाराची मुलगी, सात वर्षांची. तिला सुया टोचायला समुद्रापलीकडे हिंदुस्थानात नेलंय. तिची आई रोज विहारात येऊन बसते, बोलत नाही काही. त्यामुळे कायद्याला नाव ठेवायची माझी छाती नाही.

माझी अडचण टिक्क्याची आहे. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तू गेलास त्याच वर्षी विहाराच्या बोधिवृक्षाखाली जन्मला, अंगाने काळा, कपाळावर पांढरा ठिपका. झोपतो विहारात, खातो माझ्या हातचं. तुझे भाऊजी गेल्यापासून भंत्यांचं दान घेऊन तळ्याच्या बांधावरून मी एकटीच जाते. बांधाखालच्या झाडीत बिबट्या आहे हे तुला माहीत आहे. तर हा टिक्का रोज सकाळी विहारातून घरापर्यंत येतो, मला घेऊन जातो आणि पुन्हा पोचवतो. त्याला हे कुणी शिकवलं नाही.

फॉर्मात मालकाचं नाव विचारलंय. आता टिक्क्याचा मालक कोण, हे गावात कुणालाच सांगता येईना. तू एक बिल्ला नुसता पाठवून दे, नावाबिवाच्या भानगडीत पडू नकोस.

तुझी
अक्का


कुरुणेगल
२६ फेब्रुवारी १९१२

अक्का,

बिल्ला काय बाजारातली सुपारी आहे, की एक जास्तीची पुडी टाकली पिशवीत? प्रत्येक बिल्ल्याचा नंबर मी माझ्या हाताने लिहितो. नंबरापुढे नाव लागतं. नाव नसेल तर आमचे वरिष्ठ मुदलियार माझा कान धरतील, आणि या कचेरीत कान धरतात तो सगळ्यांसमोर धरतात.

नियम मीच सिंहलीत उतरवून काढलाय, तेव्हा नीट सांगतो. कुत्र्याचा मालक माहीत असेल आणि बिल्ला नसेल, तर आधी मालकाला नोटीस जाते. मालकच माहीत नसेल, तर गोळी. साधी गोष्ट आहे. तू त्याला खायला घालतेस ना? मग लिही तुझं नाव. आरच्चीकडून फॉर्म भरून घे आणि पाठवून दे, आठवड्यात बिल्ला तुझ्या हातात.

इतक्याशा गोष्टीसाठी दोन पानं लिहिलीस. इथे साडेचारशे कुत्री माझ्या टेबलावर आहेत, म्हणजे कागदावरची.

माझी तब्येत बरी आहे. खानावळीतला नारळाच्या चटणीचा संबोल अजून तसाच पाणचट.

तुझा
कपुरुहामी


कुंबुकवेव
३ मार्च, पौर्णिमा

मल्ली,

कोट घातलास की डोकं खुंटीला टांगतोस का रे?

टिक्का विहाराच्या जमिनीवर जन्मला. विहाराच्या जमिनीवर जे उपजतं ते संघाचं. तिथला वाळलेला नारळसुद्धा आपण घरी आणत नाही. तू सहा वर्षांचा असताना विहारातलं एक जांभूळ तोंडात टाकलंस, तेव्हा आईने तुला फरफटत नेऊन भंत्यांच्या पायावर घातलं होतं आणि बदल्यात टोपलीभर जांभळं वाहायला लावली होती. विसरलास? आणि आता मला सांगतोस, अख्खं कुत्रं नावावर करून घे. पुढच्या जन्मी भुकेलं भूत होऊन मी विहाराच्या कुंपणावर बसेन, आणि तुझ्याकडे बघून बसेन.

तरी मी मोठ्या भंत्यांना विचारलं. म्हटलं, भंते, तुम्हीच मला देऊन टाका ना. ते म्हणाले, "दिंगिरी अम्मा, माझं असतं तर दिलं असतं. संघाचं आहे, मी कोण देणारा?" मग म्हटलं, तुमचं नाव लिहू? तर हसले. म्हणाले, "चीवर, पात्र, वस्तरा, सुई असं मोजून आठ वस्तू माझ्या. त्यात कुत्रं कुठे बसवू?"

आरच्ची म्हणतो, सगळ्या गावाचं नाव लिहू. पण फॉर्मात जागा एका ओळीची. तिथे बेचाळीस घरं कशी मावणार? टिक्का तिथेच बसला होता आणि आरच्चीच्या धोतराचं टोक चावत होता. आपल्याविषयी चाललंय हे त्याला कळत असावं.

मला हसू येतं आणि मग भीती वाटते. एकोणतीस दिवस उरलेत.

अक्का


कुरुणेगल
९ मार्च १९१२

अक्का,

जांभळाची गोष्ट काढायची गरज नव्हती. पत्र उघडलं तेव्हा शेजारचा कारकून खांद्यावरून वाचत होता. आता सगळी कचेरी मला जांभूळ म्हणते.

मी फॉर्म पुन्हा वाचला. तिथे नुसतं मालक नाही, 'मालक किंवा रक्षणाची जबाबदारी असलेला इसम' असं आहे. तेव्हा भंत्यांनी मालक व्हायची गरज नाही. विहारातल्या वस्तूंची राखण तेच करतात ना? रखवालदार म्हणून सही करू देत. आहे का काही पाप त्यात? मला तरी दिसत नाही.

आणि अक्का, हेही ऐकून ठेव. बंदूकवाल्याचं नाव सामेल. किनाऱ्याकडचा, पोलिसातून निवृत्त झालेला. मारलेल्या कुत्र्याची शेपटी कचेरीत आणून दाखवावी लागते, मगच त्याचं काम धरलं जातं. परवा तो दुसऱ्या गावांतलं काम संपवून पोतं घेऊन आला होता. मला जेवण गेलं नाही. तेव्हा हट्ट करू नकोस, लवकर काहीतरी कर.

कपुरुहामी


कुंबुकवेव
१४ मार्च १९१२

मल्ली,

तुला जांभूळ म्हणतात हे वाचून मी पोट धरून हसले. आईने ऐकलं असतं तर तीही हसली असती.

आता कामाचं. तुझी रखवालदाराची युक्ती घेऊन मी आणि आरच्ची विहारात गेलो. भंत्यांनी फॉर्म वाचायला घेतला. तुमच्या साडेचारशे मालकांपैकी कुणी तो पूर्ण वाचला नसेल, त्यांनी वाचला. खाली बारीक अक्षरात आहे: कुत्रं पिसाळल्यास ते ठार मारण्याची जबाबदारी सही करणाऱ्याची. भंते म्हणाले, "मुंगी दिसली तर मी पाय उचलून ठेवतो. मारीन असं लिहून कसं देऊ?" झालं. आरच्चीने कपाळाला हात लावला.

मग भंत्यांनी तुझं पत्र मागितलं, मी ते बरोबर नेलं होतं. 'रक्षणाची जबाबदारी असलेला इसम' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. मला वाटलं डुलकी लागली. तेवढ्यात म्हणाले, "मुदियान्से, कँडीचा करार ठाऊक आहे?"

आरच्चीला काय ठाऊक असणार, त्याला ढोल ठाऊक. भंत्यांनी सांगितलं. सत्त्याण्णव वर्षांपूर्वी इंग्रजांनी आपल्या राजाचं राज्य घेतलं, तेव्हा आपल्या सरदारांना लिहून दिलं, की बुद्धाचा धर्म, भिक्षू आणि विहार यांचं रक्षण आम्ही करू. भंत्यांच्या गुरूंचे गुरू त्या दिवशी कँडीत होते. भंत्यांना ते कलम तोंडपाठ आहे.

"विहाराच्या रक्षणाची जबाबदारी कुणी घेतली?" त्यांनी विचारलं.

"इंग्लंडच्या राजाने," आरच्ची म्हणाला.

"टिक्का विहारातला की बाहेरचा?"

"विहारातला."

"मग खोटं न बोलता लिहिता येईल असं एकच नाव आहे. लिही."

मल्ली, फॉर्म सोबत आहे. मालक किंवा रक्षणाची जबाबदारी असलेला इसम: इंग्लंडचे राजेसाहेब. राहणार: लंडन. राजेसाहेब हजर नसल्याने त्यांचे चाकर म्हणून आरच्चीने सही केली. सही करताना त्याने शाईचे तीन डागही पाडले. राजाकडून फी घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

कचेरीतल्या सगळ्यांना कवुम तळून पाठवते आहे. गूळ नवा आहे. मुदलियारांना आधी दे.

तुझी अक्का


कुरुणेगल
२० मार्च १९१२

तीर्थरूप अक्कांस,

आपला फॉर्म आणि कवुम पोचले. कवुम सर्वांस अतिशय आवडले. आपल्या फॉर्मावर योग्य ती कार्यवाही चालू आहे. आपण काळजी करू नये. कचेरीत कामाचा फार रेटा असल्याने अधिक लिहीत नाही. प्रकृतीस जपावे.

आपला
कपुरुहामी


कुंबुकवेव
२५ मार्च १९१२

मल्ली,

लहानपणापासून तुझी एक खोड आहे. खोटं बोलायला लागलास की तू मला 'आपण' म्हणतोस. आईचं मडकं फोडलंस तेव्हाही 'आपण घरी नव्हतात' म्हणाला होतास.

फॉर्म कुठे आहे? मुदलियारांच्या टेबलावर नाही, हे मी इथे बसून सांगते. तुझ्या खणात आहे. कवुमही खणातच असतील, तू एकटा खात असशील.

मी रागावलेली नाही. थोडी रागावले आहे. पण तुला एक गोष्ट दिसली का? एक एप्रिलला पौर्णिमा आहे. महिन्याची पहिली तारीख म्हणून तुम्ही दिवस धरलात आणि पौर्णिमा कुणी बघितली नाही. तू सिंहली आईचा मुलगा ना? त्या दिवशी सगळं गाव पांढरे कपडे घालून विहारात अष्टशीलाचं व्रत घेणार, आणि तुमचा माणूस बंदूक घेऊन येणार.

गावातल्या बाकीच्या सगळ्या कुत्र्यांना बिल्ले आले. मुदियान्सेचं कुत्रं तर मान ताठ करून चालतं. एकट्या टिक्क्याचा गळा मोकळा आहे. आज बांधावरून येताना तो पुढे होता, वळून वळून मी येते का ते बघत होता. मला रडू आलं, आणि दानाचं भांडं हातात असल्याने डोळे पुसता येईनात.

काहीतरी कर रे. नाहीतर निदान खरं लिही.

अक्का


कुंबुकवेव
२ एप्रिल १९१२

मल्ली,

आठवडा झाला तरी तुझं उत्तर नाही. आता उत्तराची गरजही तशी उरलेली नाही. तरी काल काय झालं ते तुला कळायलाच हवं.

सकाळपासून आम्ही विहाराच्या अंगणात वाळूवर बसलो होतो. टिक्का त्याच्या जागेवर, बोधिवृक्षाखाली, माझ्या पानाच्या पिशवीवर हनुवटी टेकून. मी त्याला घरात कोंडायचं ठरवलं होतं. पण भंते म्हणाले, लपवलेलं कुत्रं बिनमालकाचं ठरतं, उघड्यावर बसू दे. मी ऐकलं खरं, पण त्याच्याजवळून हलले नाही.

उन्हं चढल्यावर सामेल आला, मागे आरच्ची. सामेल चांगला उंच, पान खाऊन तोंड लाल, पाठीला बंदूक. फाटकाशी त्याने चपला काढल्या. तेव्हाच मला वाटलं, माणूस अगदीच वाया गेलेला नाही. पण लगेच त्याची नजर टिक्क्याच्या गळ्यावर गेली.

"बिल्ला कुठाय?"

मीच उठले. "बिल्ला मालकाने बांधायचा ना? मालकाला विचारा," मी म्हटलं.

"मालक कोण? तुम्ही?"

"मी कुठली एवढी मोठी."

आरच्चीने फॉर्मची नक्कल पुढे केली. त्याने घरी एक ठेवली होती, इतकी अक्कल त्याला आहे हे मला ठाऊक नव्हतं. सामेलने ती वाचली. मग उन्हात धरून वाचली. मग टोपी काढली.

"हे काय आहे, आरच्ची?"

"खाली सही माझी आहे," मुदियान्से म्हणाला, एकदम साध्या आवाजात. "लिहिलंय ते खरं आहे."

सामेल टिक्क्याकडे बघत राहिला. टिक्क्याने त्याच्याकडे बघून एक जांभई दिली. मी विचारलं, "दादा, नियम काय आहे? मालक माहीत असेल तर?" तुझ्याच पत्रातलं विचारलं मी.

"माहीत असेल तर आधी नोटीस," तो म्हणाला.

"मग पाठवा नोटीस."

मागे बसलेल्या म्हाताऱ्या एवढा वेळ शील सांभाळून गप्प होत्या, त्या हसायला लागल्या. सामेलने वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहून घेतलं. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अम्मे, तीस वर्षं नोकरी केली, पण पौर्णिमेला विहारात बंदूक घेऊन यायची वेळ आली नव्हती. मला आत यायचंच नव्हतं." मी त्याला खीरभात दिला. तो त्याने झाडाआड बसून खाल्ला, टिक्क्यालाही घास दिला.

मी अष्टशील घेतलं होतं आणि मनातल्या मनात त्याला सकाळपासून शिव्या घातल्या होत्या. शील मोडलं का, हे भंत्यांना विचारायचं धाडस होत नाही.

त्याचा कागद तुमच्या कचेरीकडे निघालाय. नोटिशीला उत्तर आलं नाही तर बिल्ला नाही, आणि बिल्ला नाही तर सामेल पुन्हा येईल, असं आरच्ची म्हणतो. आता तुझं तू बघ.

अक्का


कुरुणेगल
६ एप्रिल १९१२

अक्का,

खरं लिहितो. फॉर्म माझ्या खणात होता. कवुमही.

सामेलचा कागद परवा थेट मुदलियारांच्या हातात गेला. त्यांनी मला बोलावलं आणि मोठ्याने वाचून दाखवला: 'कुंबुकवेव विहारातील काळे कुत्रे, बिल्ला नाही. मालक माहीत, इंग्लंडचे राजेसाहेब, राहणार लंडन. नियमाप्रमाणे त्यांना नोटीस बजावावी का? कळावे.' सगळी कचेरी माना खाली घालून कागद चाळत होती, आणि सगळ्यांचे खांदे हलत होते.

"मूळ फॉर्म कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

कामाच्या रेट्यात हरवला, असं सांगायचं मी ठरवून गेलो होतो. तोंडून निघणार तेवढ्यात लक्षात आलं की मी त्यांना 'आपण' म्हणूनच सुरुवात केली आहे. मुदलियारांना दुसरं काय म्हणणार. पण तुझं पत्र आठवलं आणि ते खोटं गिळून टाकलं. म्हटलं, साहेब, मी लपवला. गावंढळ म्हणून सगळे हसतील याची लाज वाटली. मग खणातून काढून दिला. राजेसाहेबांच्या नावावर तेलाचा हा एवढा डाग.

अक्का, ती लाज आपल्या गावाचीच होती. तुझी, भंत्यांची, त्या फॉर्मावरच्या प्रत्येक ओळीची. हे तुला तोंडाने सांगू शकलो नसतो म्हणून लिहितो आहे. तुम्ही कुणी खोटं लिहायला तयार नव्हता, आणि मी चार वर्षं रोज टेबलावर बसून लोकांचं न वाचलेलं खोटं नंबर घालून ठेवतो आहे.

मुदलियारांनी फॉर्म दोनदा वाचला. मी म्हटलं, गेली नोकरी. त्यांनी विचारलं, "नोटिशीवर सही कुणाची लागते?"

"मोठ्या साहेबांची."

"म्हणजे मी हा कागद घेऊन साहेबांकडे जायचं आणि म्हणायचं, तुमच्या राजाने कुत्र्याला बिल्ला बांधला नाही, सही करा."

त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"यातलं कुठलं वाक्य खोटं आहे?"

"एकही नाही, साहेब."

"तीच तर पंचाईत आहे." त्यांनी पाणी मागवलं, प्यायले. "आत्ताच्या आत्ता बिल्ला काढ. नंबर घाल, सही घे, आणि सामेलला कळव की मालकाने बिल्ला बांधला, नोटिशीचं कारण उरलं नाही." मी दारापर्यंत गेलो तर हाक मारली. मला वाटलं, आता कान. तर म्हणाले, "त्या खणात कवुम उरलेत का?"

एक उरलं होतं.

बिल्ला नंबर ४५१. टपालाने पाठवत नाही. पुढच्या आठवड्यात आपल्या नववर्षाला मी स्वतः घेऊन येतो. चार वर्षांत आलो नाही, हे तू एकाही पत्रात बोलली नाहीस, ते मला कळलं होतं.

तुझा
मल्ली


कुंबुकवेव
२१ एप्रिल १९१२

मल्ली,

तू पोचलास का? गाडीवानाच्या हातून निरोप धाडायचा होतास, विसरलास. कवुम या वेळी दोन डबे दिलेत, एक मुदलियारांचा. उघडलास तर मला कळेल.

तू गेलास त्या दिवशी टिक्का तळ्याच्या बांधापर्यंत तुझ्यामागे आला आणि तिथेच बसून राहिला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. दान घेऊन निघायला मला उशीर झाला, पण मी त्याला हाक मारली नाही. मीही तिथेच उभी होते ना.

किरी कुंभाराची मुलगी काल परत आली. चांगली खडखडीत आहे, पोटावर सुयांच्या खुणा दाखवत सगळ्या गावात हिंडते. तिने टिक्क्याला लांबूनच बघितलं, मग बिल्ला बघितला आणि जवळ गेली. म्हणाली, "याला आहे, मग हा चालेल." तिच्या आईने भंत्यांपुढे डोकं टेकलं आणि मग खूप वेळाने बोलली, दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणून म्हणते, बिल्ला चांगलाच आहे. तुमच्या कचेरीला एवढं सांग.

भंत्यांनी बिल्ल्याच्या दोरीला परित्राणाचा मंतरलेला धागाही बांधला. आता सरकार आणि धर्म दोन्ही त्याच्या गळ्यात खुळखुळतात, बिबट्याला लांबूनच ऐकू जात असेल.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी टिक्क्याने आरच्चीची नवी चप्पल पळवली, नववर्षाची, आणि चावून तिचा पार चोथा केला. मुदियान्से काठी घेऊन अख्खं अंगण त्याच्यामागे धावला. शेवटी कोपऱ्यात गाठलं. काठी वर उचलली आणि तसाच थांबला. आम्ही सगळ्या बघत होतो.

"मारा ना आरच्ची, थांबलात का?" मी म्हटलं.

त्याने काठी हळूच खाली ठेवली. "मालक कोण ते आठवलं," म्हणाला, आणि एका पायात चप्पल घालून घरी गेला.

तुझी
अक्का